सहा वर्षांच्या आतील मूल नागरिक नाही काय?

आपल्या वस्तीत चार-साडेचार वर्षांचे मूल दिवसभर उंबऱ्याशी माती उकरीत बसलेले दिसावे आणि आपण त्याच्या बापाला विचारावे की, "बाबा रे, पोराच्या शिक्षणाचे काय?" तर ठरलेले उत्तर मिळते: "अजून लहान आहे. सहा सरले म्हणजे घालू शाळेत." या उत्तराबद्दल त्या बापाला दोष देण्यास आम्ही तयार नाही. हे उत्तर त्याला या देशाच्या कायद्यानेच पढविले आहे. शिक्षणाचा हक्क सहाव्या वर्षी सुरू होतो, असे कायदाच सांगत असेल, तर बिगारीवर जाणाऱ्या माणसाने कायद्याहून अधिक शहाणे असावे ही अपेक्षा कोणत्या तोंडाने करावयाची?

परंतु कायदा मुळात असा नव्हता. तो असा करण्यात आला, ही गोष्ट आपल्यापैकी फार थोड्यांना ठाऊक आहे, आणि म्हणून ती येथे तपशिलाने सांगणे भाग आहे.

१९५० साली अंमलात आलेल्या राज्यघटनेचे पंचेचाळिसावे कलम असे होते की, दहा वर्षांच्या आत देशातील सर्व मुलांना, त्यांना चौदा वर्षे पुरी होईपर्यंत, मोफत व सक्तीचे शिक्षण देण्याचा राज्य प्रयत्न करील. चौदा वर्षे ही वरची हद्द होती. खालची हद्द त्या कलमात नव्हती. २३ नोव्हेंबर १९४८ रोजी घटना समितीत या कलमावर चर्चा झाली, तेव्हा येथे फक्त 'प्राथमिक शिक्षण' असे शब्द घालावेत अशी सूचना पुढे आली. परमपूज्य डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी ती मानली नाही. चौदा वर्षांखालील मुलास कारखान्यात वा खाणीत राबविण्यास आपण मनाई केली आहे. मग ते मूल कामावर नसेल तर ते कोठल्या तरी शिक्षणसंस्थेतच असले पाहिजे, असा त्यांचा सरळ हिशेब होता. हा हिशेब वरच्या वयाचा होता, हे आम्ही कबूल करतो. परंतु त्यामागचे तत्त्व वयाच्या दोन्ही टोकांना लागू आहे. मुलाचे बालपण हे राज्याचे देणे आहे, आणि देणेकऱ्याने आपल्या सोयीने त्यातला मधला तुकडा तेवढा फेडून मोकळे व्हावयाचे नसते.

मार्गदर्शक तत्त्वांच्या प्रकरणात मुदत घालून दिलेले असे हे एकच कलम होते. ती मुदत १९६० साली संपली. त्यानंतर तेहेतीस वर्षे देश स्वस्थ बसला. १९९३ साली उन्नीकृष्णन खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने निर्णय दिला की, चौदा वर्षांपर्यंतचे शिक्षण हा जगण्याच्या हक्कातून निघणारा मूलभूत हक्कच आहे. त्या निकालातही 'सहापासून' असा शब्द नव्हता. म्हणजे अंगावर पिणाऱ्या मुलापासून चौदा वर्षांच्या मुलापर्यंत सर्वांच्या हाती एक हक्क आला होता. तो हक्क पुढे कोणी काढून घेतला? २००२ सालच्या शहाऐंशीव्या घटनादुरुस्तीने. त्या दुरुस्तीने एकवीस-अ हे नवे कलम घातले व शिक्षणाचा मूलभूत हक्क सहा ते चौदा या वयास दिला. त्याच दुरुस्तीने पंचेचाळिसावे कलम बदलून, सहा वर्षांच्या आतील मुलांचे संगोपन व शिक्षण यांसाठी राज्य 'प्रयत्न करील', असे लिहून ठेवले. त्या दिवशी सभागृहात बाके वाजली असतील. एका हाताने हक्क देताना दुसऱ्या हाताने देशातील सर्वांत लहान नागरिकांचा हक्क काढून घेतला, हे कितीजणांच्या ध्यानी आले असेल?

पुढे २००९ सालचा शिक्षणहक्क कायदा आला. त्याच्या अकराव्या कलमात तीन ते सहा वर्षांच्या मुलांच्या शाळापूर्व शिक्षणाची आवश्यक ती व्यवस्था सरकार 'करू शकेल' असे म्हटले आहे. 'करील' असे नाही, 'करू शकेल'! सावकार कर्ज माफ करू शकेल, पाटील विहिरीवर पाणी भरू देऊ शकेल, या जातीचे हे क्रियापद आहे. आपल्या पूर्वजांनी या क्रियापदाखाली किती पिढ्या घालविल्या हे आम्ही वाचकांस सांगावयास नको. चवदार तळ्यावर १९२७ साली जो लढा झाला तो या 'शकेल' विरुद्धच होता.

आता गंमत पाहा. २०१३ सालच्या अन्नसुरक्षा कायद्याच्या पाचव्या कलमाने सहा महिने ते सहा वर्षे वयाच्या मुलास जवळच्या अंगणवाडीतून विनामूल्य आहार मिळण्याचा हक्क दिला आहे. तीन ते सहा वर्षांच्या मुलासाठी सकाळची न्याहारी व गरम शिजविलेले अन्न मिळून पाचशे उष्मांक, असे मापही मूळ कायद्यात घालून दिले होते. हे चांगलेच झाले. त्यासाठी ज्यांनी न्यायालयात वर्षानुवर्षे झगडा दिला त्यांचे ऋण आम्ही मानतो. परंतु दोन्ही कायदे एकमेकांशेजारी ठेवले म्हणजे काय दिसते? पोटाला हक्क आणि बुद्धीला मेहेरबानी! गरिबाच्या मुलाला खिचडीचे माप आहे. त्याच्याशी दोन शब्द बोलण्याचे, त्याला गोष्ट सांगण्याचे, त्याच्या हाती रंगाचा खडू देण्याचे माप कोठेही नाही. ढोर आणि मूल यांत फरक काय, असा प्रश्न आम्ही रागाने नव्हे, तर या दोन कायद्यांची कलमे वाचून विचारीत आहोत.

येथे कोणी म्हणेल, एवढेसे पोर, त्याला कसले शिक्षण? ते खेळते, खाते, निजते. हाच गैरसमज आपल्या मुळावर आला आहे. मूल अक्षर ओळखू लागते तेव्हा त्याच्या शिक्षणाचा आरंभ होतो असे नाही. त्यावेळी एक मोठा अध्याय संपलेला असतो. सहा महिन्यांचे मूल आवाज काढते आणि कोणी तरी त्याला उत्तर देते, तेव्हा बोलण्यात पाळी असते हे ते शिकते. दीड वर्षाचे मूल बोट दाखविते आणि मोठे माणूस त्या वस्तूचे नाव सांगते, तेव्हा वस्तूला शब्द असतो हे ते शिकते. तीन वर्षांचे मूल चिंचोके आणि गुंजा वेगळ्या राशींत घालते, तेव्हा ते वर्गीकरण करते. पुढे गणित ज्याला म्हणतात त्याची ती पायरी असते. गोलात बसून आपली पाळी येईपर्यंत थांबणे, तीन सूचना ध्यानात ठेवून त्या क्रमाने करणे, पडले तर पुन्हा मनोरा रचणे, मातीचे गोळे वळून बोटांत लेखणी धरण्याचे बळ आणणे, ही सगळी विद्याच आहे. ज्या घरात वाचलेली माणसे, रिकामा वेळ आणि पोटभर अन्न आहे, त्या घरात ही विद्या मुलास न मागता मिळते. ज्या घरातील आई पहाटे सहाला खुरपणीस जाते आणि दिवेलागणीला परत येते, त्या घरात माया कमी नसते. वेळ कमी असतो.

मग दोन मुले एकाच दिवशी पहिलीच्या वर्गात येतात. एक हजारो शब्द, शेकडो गोष्टी, रंग, आकडे आणि 'मला येते' हा विश्वास घेऊन येते. दुसरे शाळेची भाषा प्रथमच ऐकत असते. वर्षाच्या अखेरीस मास्तर शेरा मारतात: हा हुषार, तो मठ्ठ. पुढे बारा वर्षांनी हेच मठ्ठ ठरविलेले मूल राखीव जागेचा अर्ज घेऊन महाविद्यालयाच्या दाराशी उभे राहते, तेव्हा 'गुणवत्तेचे काय?' म्हणून गळा काढणारे लोक वर्तमानपत्रांत पत्रे लिहितात. आमचे त्यांना विचारणे आहे, शर्यत अठराव्या वर्षी सुरू झाली असे तुम्हास कोणी सांगितले? ती तिसऱ्या वर्षीच सुरू झाली होती, आणि आमचे मूल त्या वेळी उसाच्या फडात बांधावर निजले होते.

सरकारला हे ठाऊक नाही असेही नाही. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात सरकारनेच लिहून ठेवले आहे की, मुलाच्या मेंदूची ८५ टक्क्यांहून अधिक वाढ सहा वर्षांच्या आत होते. हे वाक्य लिहिणाऱ्या राज्याने त्या सहा वर्षांस हक्क नाकारावा, याला अज्ञान म्हणता येत नाही. दुसरे योग्य नाव वाचकांनीच द्यावे. २०१९ ते २०२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातील पाच वर्षांखालील दर शंभर मुलांपैकी सुमारे ३६ मुले वयाच्या मानाने खुजी आढळली. अनुसूचित जातींच्या मुलांत हे प्रमाण शंभरात ३९ च्या घरात होते. खुजेपणा म्हणजे केवळ उंचीचा प्रश्न नव्हे. ज्या वर्षांत हाड वाढत नाही त्याच वर्षांत मेंदूलाही लोह आणि प्रथिने कमी पडत असतात.

आता पुरावा. पोकळ घोषणा करण्याची आपल्या चळवळीची रीत नाही, आणि 'येऊन पाहा' असे सांगणाऱ्या धम्माची ती रीत असूही शकत नाही. जमेका बेटावरील किंग्स्टन शहरात १९८६-८७ साली वाढ खुंटलेली १२९ मुले निवडण्यात आली. वये नऊ महिन्यांपासून दोन वर्षांपर्यंत. त्यांतील काहींच्या घरी दोन वर्षे, आठवड्यातून एकदा, साध्या शिकलेल्या आरोग्यसेविका जात. टाकाऊ वस्तूंची खेळणी नेत, आईला मुलाशी खेळावे कसे, बोलावे कसे हे दाखवीत. एवढेच. वीस वर्षांनी त्या मुलांचा शोध घेतला तेव्हा ज्यांच्या घरी सेविका गेल्या होत्या त्यांची कमाई, न गेलेल्यांपेक्षा सुमारे पंचवीस टक्क्यांनी अधिक भरली.

दुसरा पुरावा अमेरिकेतील कृष्णवर्णीयांचा आहे, आणि तो आपणास अधिक जवळचा आहे. मिशिगन राज्यातील इप्सिलांटी गावी १९६२ साली पेरी नावाच्या शाळेत गरीब कृष्णवर्णीय घरांतील तीन-चार वर्षांच्या मुलांसाठी एक वर्ग सुरू झाला. १२३ मुलांतून ५८ मुले त्या वर्गात घेतली व ६५ मुले तुलनेसाठी बाहेर ठेवली. रोज सकाळी मुलांनी आज काय करणार ते ठरवावे, ते करावे, आणि मग काय केले ते सांगावे. आणि शिक्षिकेने आठवड्यातून एकदा घरी जाऊन आईशी बोलावे, असा तो क्रम होता. ही मुले चाळीस वर्षांची होईपर्यंत त्यांचा माग ठेवण्यात आला. वर्गात गेलेल्यांपैकी शंभरात ६५ जणांनी शालेय शिक्षण पुरे केले, न गेलेल्यांपैकी ४५ जणांनी. पाच अथवा अधिक वेळा अटक झालेल्यांचे प्रमाण शंभरात ३६ विरुद्ध ५५ असे होते. एक गोष्ट मात्र झाकून ठेवणे अप्रामाणिकपणाचे होईल. बुद्धिमापनाच्या परीक्षेत सुरुवातीस दिसलेली वाढ काही वर्षांत विरून गेली होती. टिकले ते निराळेच होते: काम हाती घेऊन पुरे करण्याची सवय, शाळेविषयीची आस्था, स्वतःविषयीचा विश्वास. मुलांची संख्या लहान होती, असाही आक्षेप घेता येईल, आणि तो खराच आहे. परंतु ज्यांनी आमच्या मुलांवर कोणताच प्रयोग न करता पिढ्यान् पिढ्या 'यांना विद्या येणारच नाही' असा निकाल देऊन ठेवला, त्यांनी तरी संख्येचा आक्षेप घेऊ नये.

तिसरी हकीकत आकड्यांची नाही, हिंमतीची आहे. १९६५ साली अमेरिकन सरकारने गरीब मुलांसाठी 'हेड स्टार्ट' नावाची योजना काढली. मिसिसिपी राज्यातील कृष्णवर्णीयांनी गोऱ्या शाळामंडळांच्या दाराशी न जाता 'चाइल्ड डेव्हलपमेंट ग्रुप ऑफ मिसिसिपी' ही आपली संस्था उभारली, आणि त्या एकाच उन्हाळ्यात ऐंशीहून अधिक केंद्रे उघडून सुमारे सहा हजार मुले गोळा केली. शिकविणाऱ्या कोण? कापसाच्या शेतात राबणाऱ्या, परक्या घरची धुणीभांडी करणाऱ्या आया. केंद्रे कोठे? कित्येक त्यांच्या चर्चमध्येच. मालकाने उद्या कामावरून काढले तरी जिच्या हाती स्वतःचे वेतन आहे अशी बाई गावात निर्माण झाली, आणि गोऱ्या जमीनदारांच्या पोटात गोळा आला. सिनेटर स्टेनिस यांनी वॉशिंग्टनमध्ये ओरड केली. १९६६ साली पैसा तोडण्यात आला. संस्थेने लढून त्यातला काही परत मिळविला. वाचकहो, तीन वर्षांची पोरे गाणी म्हणतात याची एवढी धास्ती सत्ताधाऱ्यांना का वाटावी? कारण आई आणि मूल एकाच वेळी ताठ उभे राहते, ही गोष्ट आपल्या आधी त्यांना कळते.

पुढे जानेवारी १९६९ मध्ये ओकलंड शहरातील एका चर्चमध्ये ब्लॅक पँथर पक्षाने शाळेपूर्वी मुलांना फुकट न्याहारी देण्यास आरंभ केला. आपल्याकडे १९७२ साली मुंबईत दलित पँथर स्थापन झाली. पँथरचे नाव आपण आणले, तिची डरकाळी आणली. तिची न्याहारी मात्र तेथेच राहिली. हे आम्ही हिणविण्यासाठी म्हणत नाही. त्या तरुणांच्या पुढ्यात रोज अत्याचाराची नवी बातमी होती. परंतु जमाखर्च मांडावयास बसले म्हणजे खर्चाची बाजूही लिहावी लागते.

आपल्या महाराष्ट्राजवळ तर याहून जुनी पुंजी होती. १९४५ साली ताराबाई मोडक व अनुताई वाघ यांनी ठाणे जिल्ह्याच्या तेव्हाच्या हद्दीतील बोर्डी येथे बालशिक्षणाचे काम सुरू केले. दलित व आदिवासी वस्त्यांतील मुले बालवाडीपर्यंत येईनात, तेव्हा बालवाडीच उचलून त्यांच्या अंगणात नेली. अंगणात भरणारी ती अंगणवाडी. तेथे मूल आधी न्हाऊमाखू घातले जाई, मग शिंपले, पाने, बिया यांनी शिके. पुढे १९५७ साली हे काम कोसबाडच्या टेकडीवर गेले. २ ऑक्टोबर १९७५ रोजी केंद्र सरकारने ३३ प्रकल्पांपासून एकात्मिक बालविकास योजना सुरू केली. तिच्या केंद्रांना हेच नाव मिळाले. सहा सेवा ठरल्या: पूरक आहार, लसीकरण, आरोग्यतपासणी, संदर्भसेवा, मातांना आरोग्यशिक्षण, आणि मुलांना शाळापूर्व शिक्षण. या सहाव्या सेवेचे काय झाले हे पाहावयाचे असेल तर कोणत्याही अंगणवाडीत सकाळी दहा वाजता जाऊन बसावे. सेविकाबाई वजने घेत असतात, नोंदवह्या भरीत असतात, मोबाईलवर माहिती चढवीत असतात, कोठल्या तरी सर्वेक्षणाला निघालेल्या असतात. मुलांशी बोलण्यास त्यांना उसंत असते कोठे? त्यांच्या पगारास पगार म्हणण्यास सरकार तयार नाही. त्यास 'मानधन' म्हणतात. पन्नास वर्षे जी बाई राष्ट्राची मुले सांभाळते ती सरकारच्या लेखी हौशी स्वयंसेविका! २५ एप्रिल २०२२ रोजी सर्वोच्च न्यायालयाने या बायांस उपदानाचा हक्क आहे असा निर्णय दिला, आणि त्यानंतरही डिसेंबर २०२३ मध्ये महाराष्ट्रातील सेविका-मदतनिसांस संपावर जावे लागले. त्यांच्या संपाकडे आपल्यातील कितीजणांनी आपला संप म्हणून पाहिले?

आणि या सर्वांवर जात आहेच. अंगणवाडी गावात कोठे बांधली आहे, हा पहिला प्रश्न. देवळाच्या ओट्यावर अथवा मोठ्या आळीत ती असेल, तर आपल्या वस्तीतील तीन वर्षांचे मूल तेथे एकटे जाणार कसे? मध्यान्ह भोजन व रेशन दुकाने यांविषयी सुखदेव थोरात आणि जोएल ली यांनी २००५ साली पाच राज्यांतील पाचशेहून अधिक गावांची पाहणी प्रसिद्ध केली. जागा सवर्ण वस्तीत असणे हेच बहिष्काराचे पहिले हत्यार होते, हे तीत स्पष्ट दिसते. दुसरा प्रश्न, स्वयंपाक कोण करते? दलित स्त्रीने शिजविले म्हणून मुले न पाठविल्याच्या बातम्या या शतकातही आपण वाचतो. तिसरा प्रश्न, मुले कशी बसतात? डॉ. बाबासाहेब शाळेत गोणपाटाच्या तुकड्यावर वेगळे बसत व तो तुकडा घरी घेऊन जात, हे आपण दरवर्षी सांगतो. तेव्हा ते शाळकरी वयाचे होते. आज जर कोठे एखादे साडेतीन वर्षांचे मूल भिंतीकडेच्या कोपऱ्यात बसविले जात असेल, तर त्याच्या मनावर काय उमटते? केनेथ व मेमी क्लार्क या कृष्णवर्णीय दांपत्याने तीन ते सात वर्षांच्या मुलांपुढे काळी व गोरी बाहुली ठेवून विचारले, यातली चांगली कोणती? बहुसंख्य काळ्या मुलांनी गोरीकडे बोट केले. या प्रयोगाचा आधार अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने १९५४ साली शाळांतील वर्णभेद मोडताना घेतला. कमीपणा हा शाळेत शिकण्याचा विषय नव्हे. मूल तो शाळेत येण्यापूर्वीच शिकून आलेले असते.

"लहान मुलाची जागा आईच्या मांडीवर," असे सुभाषित ऐकविणारे सज्जन आम्हास नेहमी भेटतात. त्यांच्या घरी मूल सांभाळावयास बाई असते, आणि त्या बाईचे स्वतःचे मूल कोणाच्या मांडीवर असते हे त्यांनी कधी विचारलेले नसते. बीडकडील कुटुंबे ऊसतोडीला निघतात तेव्हा मूल अर्धे वर्ष गावच्या अंगणवाडीच्या नोंदवहीत असते आणि प्रत्यक्षात साखर कारखान्याच्या कोपीत असते. बाबासाहेबांनी १९२८ साली मुंबई कायदेमंडळात प्रसूतिकालीन रजेच्या विधेयकास पाठिंबा देताना, आईला विश्रांती मिळणे हे राष्ट्राच्या हिताचे आहे अशी भूमिका घेतली होती. मांडीचे सुभाषित आणि मांडीला उसंत यांतला फरक त्यांना ठाऊक होता.

आता थोडे आपल्या घरात. आपल्यातील जे नोकरीला लागले, शहरात गेले, त्यांनी आपली मुले इंग्रजी नावाच्या के. जी. वर्गांत घातली, आणि अंगणवाडीचा प्रश्न 'त्या लोकांचा' झाला. तीन वर्षांच्या मुलास बाकावर बसवून एबीसीडी गिरवावयास लावणाऱ्या त्या वर्गांत पुष्कळदा शिक्षणही नसते, खेळही नसतो; असते ती फी. बाबासाहेबांनी मार्च १९५६ मध्ये आग्र्याच्या सभेत सुशिक्षितांविषयी जी खंत बोलून दाखविली, ती आम्ही पुन्हा उगाळीत नाही. पण समाजाने एवढे तरी विचारावे: आपण महाविद्यालये काढली, वसतिगृहे काढली, गावोगाव विहार बांधले, बालवाड्या किती काढल्या? विहार पौर्णिमेला उघडतो, १४ एप्रिलला, १४ ऑक्टोबरला, ६ डिसेंबरला उघडतो. एरवी त्याच्या दाराला कुलूप असते, आणि त्याच्या पायरीवर एखादी आजी नातवंडाला घेऊन बसलेली असते. पक्की भिंत, फरशी, सावली, पाण्याची टाकी, सगळे आहे. आत मुले तेवढी नाहीत.

भगवान बुद्धांनी लहानग्या राहुलास खोटे बोलू नये हे शिकविले तेव्हा त्याला प्रवचन दिले नाही. पाय धुण्याचे भांडे घेतले, त्यात थोडे पाणी ठेवून दाखविले, ते ओतून दाखविले, भांडे पालथे करून दाखविले. मग आरसा कशासाठी असतो असे विचारले. मज्झिमनिकायातील हा उपदेश अशोकालाही इतका मोलाचा वाटला की त्याने तो शिलालेखात नावानिशी सांगितला. वस्तू हाती देऊन शिकविणे ही कोठल्या परदेशी पंडिताकडून उसनी आणावयाची विद्या नव्हे. आणि परंपरा सांगते की, स्मशानात टाकून दिलेल्या सोपाकाला सातव्या वर्षी जे दहा प्रश्न विचारले गेले, त्यांतील पहिल्याचे उत्तर अन्नाविषयी होते: सर्व प्राणी आहारावर जगतात. पहिला प्रश्न अन्नाचा, पण त्यापुढे नऊ प्रश्न होते. आपले सरकार पहिल्यावर थांबले आहे.

विहारात बालवाडी काढणाऱ्यांस दोन गोष्टी सांगितल्यावाचून राहवत नाही. पहिली, तीन वर्षांच्या मुलाकडून त्रिसरण-पंचशील घोकून घेतले म्हणजे बालवाडी झाली असे समजू नये. पोपटपंची सोडूनच आपण या धम्मात आलो. मूल गाऊ दे, नाचू दे, माती कालवू दे, प्रश्न विचारू दे. दुसरी, विहारातील बालवाडी ही सरकारला दिलेली सूट होता कामा नये. ती सरकारच्या अंगणवाडीची मागणी करणारी साक्ष असली पाहिजे. आणि सरकारी अंगणवाडीत कोठे सरस्वतीची पूजा होत असेल, कोठल्या एका धर्माची प्रार्थना रोज म्हणवून घेतली जात असेल, तर घटनेचे अठ्ठाविसावे कलम काय सांगते ते आईबापांनी सेविकाबाईंना नम्रपणे, पण स्पष्टपणे दाखवावे. त्या बाईंशी भांडू नये; बहुधा कोणी तरी वरून पाठविलेलेच ती लावीत असते.

राहता राहिली कामाची गोष्ट. ७ ऑक्टोबर २००४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने अनुसूचित जाती-जमातींच्या वस्त्यांत शक्य तितक्या लवकर अंगणवाडी उघडावी असे सांगितले. १३ डिसेंबर २००६ च्या आदेशात, ज्या वस्तीत सहा वर्षांच्या आतील चाळीस मुले आहेत तेथे मागणी केल्यापासून तीन महिन्यांत अंगणवाडी मिळावी असे ठरवून दिले. तो खटला २०१७ साली, अन्नसुरक्षेचा कायदा आल्याचे कारण देऊन, निकालात काढण्यात आला. परंतु चाळीस मुले आणि तीन महिने हे माप न्यायालयाने एकदा योग्य मानले आहे, आणि आपल्या मागणीला त्याचा आधार आजही घेता येतो. तेव्हा या पौर्णिमेला विहारात जमाल, तेव्हा वंदनेनंतर घरोघर जाऊन सहा वर्षांच्या आतील प्रत्येक मुलाचे नाव, आईचे नाव, जन्मतारीख लिहून काढा. ऊसतोडीला गेलेल्यांचीही लिहा. अंगणवाडी किती अंतरावर आहे, मध्ये ओढा अथवा डांबरी रस्ता आहे काय, शिकविण्याचे काम दिवसातून किती वेळ चालते, हे लिहा. अर्ज बालविकास प्रकल्प अधिकाऱ्याच्या नावे करा, ग्रामसभेचा ठराव जोडा, एक प्रत जिल्हा परिषदेच्या महिला व बालकल्याण विभागास द्या. अर्जावर आयांच्या सह्या अगर अंगठे आधी घ्या, बाप्यांच्या नंतर. प्रत्येक प्रतीवर शिक्का व तारखेसह पोच घेतल्यावाचून कचेरीतून उठू नका, आणि ती तारीख विहाराच्या फळ्यावर खडूने लिहून ठेवा. नव्वद दिवस मोजावयाचे आहेत.